रोप उंच नको, दणकट हवे

जुलैचा पहिला आठवडा. एक-दोन चांगले पाऊस झालेले. गावाबाहेरच्या गायरानात खड्डे तयार आहेत आणि टेम्पोतून रोपे उतरवली जात आहेत. त्यातली चिंचेची दोन रोपे शेजारीशेजारी ठेवली, तर बहुतेकांचा हात आपोआप उंच रोपाकडे जाईल. ते ६० सेंटिमीटरचे आहे, शेंडा लुसलुशीत, पाने गर्द हिरवी. फक्त उभे राहायला त्याला काठी बांधावी लागली आहे. दुसरे जेमतेम ३५ सेंटिमीटरचे, थोडे उन्हाने रापलेले. आता मातीलगतच्या बुंध्याची जाडी मोजली, तर पहिल्याची ५ मिलिमीटर भरते आणि दुसऱ्याची ७. वनशास्त्रात अशा वेळी एक साधा भागाकार करतात. सेंटिमीटरमधली उंची भागिले मिलिमीटरमधली बुंध्याची जाडी. पहिल्या रोपाचे उत्तर येते १२, दुसऱ्याचे ५. साधारणपणे उत्तर ६ च्या आत असेल तर रोप दणकट समजतात. म्हणजे ज्याला सगळे आधी उचलतात, ते उंच रोप पुढचा एप्रिल-मे पाहण्याची शक्यता कमी आहे.

महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत वृक्षलागवडीचे मोठे आकडे पाहिले. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी, अशी राज्याची लक्ष्ये चढत गेली. त्या मोहिमांवर चर्चा झाली ती खड्डे, निधी आणि जगलेली झाडे यांची. रोप ज्या वाफ्यात चार-सहा महिने काढते, त्या वाफ्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही. खरे तर झाडाच्या पहिल्या उन्हाळ्याचा निकाल बराचसा तिथेच लागलेला असतो. रोपवाटिकेचा हिशेब पिशव्यांच्या संख्येवर होतो, खरेदीच्या अटीत बहुधा उंची लिहिलेली असते. मग कमीत कमी जागेत जास्तीत जास्त पिशव्या बसवायच्या आणि पाणी-खत देऊन रोपे झटपट वर काढायची, हा मार्ग कोणालाही सोपा वाटेल. त्यातून उंच आणि लेकुरवाळी दिसणारी, पण मुळांनी गरीब अशी रोपे तयार होतात.

दाटीत वाढलेले रोप उंच का होते, याचे सोपे उत्तर ‘उजेडासाठी धडपड’ असे दिले जाते. ते चूक नाही, पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. शेजाऱ्याची सावली अंगावर पडण्याच्या आधीच रोपाला शेजारी असल्याचे कळते. हिरवे पान सूर्यप्रकाशातला लाल रंग शोषून घेते, पण त्यापलीकडचा, माणसाच्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा अतिलाल प्रकाश ते बराचसा परतवते. त्यामुळे पाने जवळ असली की खोडावर येणाऱ्या उजेडात अतिलाल भाग वाढतो. वनस्पतींमधले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य लाल आणि अतिलाल यांचे हे प्रमाण सतत मोजत असते. अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ कार्लोस बाल्यारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी धोतऱ्याच्या एका जातीच्या आणि मोहरीच्या रोपांच्या खोडाभोवती अतिलाल प्रकाश गाळून टाकणाऱ्या द्रावणाचे वेष्टण बसवले. शेजारी रोपे होतीच, पण खोडाला त्यांची बातमी मिळेनाशी झाली आणि त्याची ताणून वाढण्याची घाई कमी झाली.

रोपाला बातमी मिळाली की ते जमाखर्च बदलते. मुळांकडे आणि खोडाच्या जाडीकडे जाणारी साखर ते शेंड्याकडे वळवते. जंगलात ही चाल शहाणपणाची असते, कारण मागे राहिलेला कायमचा सावलीत जातो. रोपवाटिकेत मात्र सगळीच रोपे एकदम ही चाल खेळतात. सगळी उंच होतात, कोणीच पुढे जात नाही, आणि सगळ्यांचीच मुळे तोकडी राहतात. नंतर ही रोपे एकेकटी माळरानावर लावली जातात. तिथे उजेडासाठी स्पर्धाच नसते. तिथे टंचाई असते ती पाण्याची, आणि पाणी मुळांनी शोधायचे असते.

दाटीचा दुसरा तोटा वाऱ्याचा आहे. खोड हलले की जाड होते. या परिणामाला अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्डेकाय जाफी यांनी १९७३ मध्ये ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ असे जिभेची परीक्षा घेणारे नाव दिले. स्पर्शाने किंवा हेलकाव्याने घडणारी वाढ, एवढाच त्याचा अर्थ. एकमेकांना खेटून उभी असलेली रोपे एकमेकांना आधार देतात, हलत नाहीत आणि बारीक राहतात. वाफ्याच्या अगदी कडेची ओळ पाहिली तर फरक डोळ्यांना दिसतो. तिथली रोपे आतल्यांपेक्षा बुटकी आणि जाडसर असतात. अनेक ठिकाणी ‘वाढ कमी’ म्हणून तीच बाजूला काढली जातात, हे दुर्दैव.

तिसरी गोष्ट ओलाव्याची. गच्च वाफ्याच्या मध्यभागी हवा खेळत नाही, सकाळी झारीने दिलेले पाणी दुपारपर्यंत पानांवर राहते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींना हेच हवे असते. मातीलगत खोड काळे पडते, रोप कोलमडते आणि दोन दिवसांत शेजारच्या दहा रोपांची तीच गत होते.

मग अंतर किती ठेवावे? इथे एक साधे गणित करून पाहावे. १० सेंटिमीटर रुंदीच्या पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर चौरस मीटरमध्ये १०० मावतात. दोन रोपांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५ सेंटिमीटर केले तर ४४, आणि २० सेंटिमीटर केले तर २५ उरतात. हा आकडा ऐकून कोणताही रोपवाटिकाधारक कपाळाला हात लावेल. पण पहिल्या दिवसापासून एवढी जागा देण्याची गरजही नसते. बी रुजून दोन-चार खरी पाने येईपर्यंत पिशव्या खेटून ठेवणेच सोयीचे. पाणी वाचते, देखरेख सोपी होते. शेजारच्या रोपांची पाने एकमेकांना लागू लागली की तो दिवस अंतर वाढवण्याचा. सागाची पाने सुपाएवढी, त्यामुळे तो दिवस लवकर येतो. चिंच, बाभूळ, शिरीष यांच्या बारीक पर्णिकांतून उजेड झिरपत राहतो, त्यांना थोडा उशीर चालतो. बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक पिशवी उचलून नव्या वाफ्यात नेली की दोन्हीकडे जागा होते.

हे काम वेगळे करावे लागत नाही, कारण पिशव्या हलवायच्याच असतात. पिशवीच्या तळाच्या भोकातून सोटमूळ खालच्या जमिनीत शिरते. ते तसेच वाढू दिले तर लागवडीच्या दिवशी पिशवी उचलताना मुख्य मूळच तुटते आणि रोप मान टाकते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पिशव्या उचलून, बाहेर आलेली मुळे कापून, जागा बदलायची ही जुनी रीत आहे. त्याच वेळी रोपे उंचीप्रमाणे वेगळी करावीत, म्हणजे लहान रोपे मोठ्यांच्या सावलीत अडकत नाहीत, आणि मधले अंतरही तेव्हाच वाढवावे. हलवल्यानंतर दोन-तीन दिवस सावली आणि पाणी दिले की रोपे सावरतात.

अंतराची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सुट्या पिशव्या लवकर सुकतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात काळ्या प्लास्टिकची पश्चिमेकडची बाजू दुपारी इतकी तापते की त्या बाजूची कोवळी मुळे भाजून निघतात. त्यामुळे पिशव्यांच्या मधल्या फटीत पालापाचोळा किंवा उसाचे पाचट भरणे, वाफ्याच्या पश्चिम कडेला मातीचा बांध घालणे आणि पिशव्या पडू नयेत म्हणून बांबूच्या कामट्यांची चौकट करणे, एवढा खटाटोप करावा लागतो. हिरव्या जाळीची सावली उपयोगी पडते, पण ती लागवडीपूर्वी महिनाभर हळूहळू काढून घ्यायला हवी. जाळीखालून थेट माळरानावर गेलेले रोप पहिल्या कडक उन्हातच पाने गाळते.

जागा मिळाली तरी मुळांना वाढायला माध्यम हवे. पोयटा माती, वाळू आणि शेणखत हे पिशवीचे नेहमीचे मिश्रण. त्यात अडचण शेणखताची असते. ते नीट कुजलेले नसेल तर पिशवीत तापते, हुमणी आणि तणाचे बी घेऊन येते. या जागी गांडूळखत चांगले काम करते, पण ते का करते याबद्दल बराच गैरसमज आहे. ‘ताकदीचे खत’ म्हणून ते विकले जाते. त्यात नत्र असते साधारण एक-दोन टक्के. युरियात ४६ टक्के. निव्वळ अन्नद्रव्यांच्या हिशेबात गांडूळखत युरियापुढे उभेही राहू शकत नाही.

त्याची करामत दुसरीकडे आहे. गांडुळाच्या आतड्यातून निघालेली विष्ठा म्हणजे चिकट स्रावाने बांधलेले बारीक कण. ते पाणी धरतात आणि तरीही त्यांच्यामधून हवा खेळते. काळ्या चिकणमातीच्या पिशवीत हाच फरक मुळाला श्वास घ्यायला पुरतो. दुसरे, त्यातली ह्यूमिक आम्ले मुळांवर संप्रेरकासारखी काम करतात. ब्राझीलमधल्या लुसियानो कानेलास आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मक्याच्या रोपांवर दाखवले, की गांडूळखतातून काढलेल्या ह्यूमिक आम्लांनी मुळांची लांबी वाढते आणि बाजूची मुळे अधिक फुटतात. तिसरे, त्यात जीवाणू भरपूर असतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात काकडीच्या बियांवर झालेल्या अभ्यासात गांडूळखतातले जीवाणू काही तासांतच बियांवर वस्ती करतात आणि पिथियम बुरशीला तिथवर पोहोचू देत नाहीत, असे आढळले. खत निर्जंतुक केले की ही राखण संपते. म्हणजे रोप कोलमडण्याच्या ज्या रोगाला दाटी आमंत्रण देते, त्याला गांडूळखत काही अंशी अडवते. काही अंशीच. गच्च, ओल्या वाफ्यात केवळ खताच्या जोरावर निश्चिंत राहता येत नाही.

वनवृक्षांवरचे प्रयोग भाज्यांवरच्या प्रयोगांच्या मानाने कमी आहेत. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात सागरी पाइनच्या बियांवर झालेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांपैकी एक. गांडूळखतामुळे बियांची उगवण आणि रोपांची सुरुवातीची वाढ सुधारली, पण वेगवेगळ्या मातृवृक्षांच्या बियांनी वेगवेगळा प्रतिसाद दिला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकाच झाडाखालची पोतेभर बी गोळा करून आणली, तर कोणतेही खत त्या रोपांना विविधता देऊ शकत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती प्रमाणात. चांगले आहे म्हणून निम्मी पिशवी गांडूळखताने भरली जाते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटो, झेंडू अशा रोपांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. माध्यमात १० ते ४० टक्के गांडूळखत असताना वाढ उत्तम झाली. शंभर टक्के गांडूळखतात ती उलट घटली. क्षार वाढतात, अमोनिया वाढतो, बारीक कण दबून पाण्याचा निचरा थांबतो. शिवाय झाडांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. करंज, शिरीष, खैर यांसारखी शेंगावर्गीय झाडे मुळांवरच्या गाठींतल्या जीवाणूंकडून हवेतला नत्र मिळवतात. मुळाशी आयता नत्र भरपूर असेल तर ती गाठी धरायचा आळस करतात. स्फुरदाचा मारा झाला की मुळांना पाणी पुरवणाऱ्या उपकारक बुरशीशी असलेले नातेही सैल होते. रोपवाटिकेत लाडावलेले झाड माळावर पोरके होते ते असे.

वनवृक्षांच्या पिशवीसाठी आकारमानाने १५ ते २० टक्के, म्हणजे पाच-सहा पाट्या मातीमिश्रणाला एक पाटी गांडूळखत, हे सावध प्रमाण आहे. जोडीला ज्या जातीचे रोप करायचे, त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची मूठ-दोन मुठी माती मिसळली तर उपकारक बुरशी आणि जीवाणूही पिशवीत येतात. लिटरभर मिश्रण मावणाऱ्या हजार पिशव्यांना दीडशे-दोनशे लिटर, म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो खत लागते. एखादा बचत गट किंवा शाळा ते स्वतः तयार करू शकते.

खत करणारे गांडूळ आणि शेतातले गांडूळ एक नव्हेत, हे इथे सांगायला हवे. आयसेनिया फेटिडा हे तांबूस पट्ट्यांचे गांडूळ, मूळचे पश्चिम आफ्रिकेतले युड्रिलस युजेनी आणि भारतात आढळणारे पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस ही खतासाठीची नेहमीची मंडळी. ती कुजणाऱ्या पाल्याच्या थरात राहतात, खोल बिळे करत नाहीत. म्हणून ती पिशवीत किंवा कुंडीत सोडली तर खायला न मिळून मरतात किंवा निघून जातात. पिशवीत खत घालायचे, गांडूळ नाही. जमिनीत बिळे करून नांगरणी करणारी गांडुळे वेगळी, आणि चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये आपल्या शेवटच्या पुस्तकात ज्यांचे कौतुक केले ती बरीचशी तीच. गांडुळांना ऐकू येते का हे तपासायला डार्विनने त्यांना मुलाकडून बासून वाजवून दाखवले होते. त्यांनी दाद दिली नाही. पण कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवताच ती कंपनांनी बिळात पळाली.

खताचा वाफा सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी करावा. ताजे शेण थेट घालू नये. ते तापते आणि गांडुळे मरतात. दहा-पंधरा दिवस पाणी शिंपडून, उलथून ते थंड होऊ द्यावे, मग पालापाचोळा, पाचट, भाजीचा कचरा यांच्या थरांबरोबर घालावे. तेलकट-खारट अन्न आणि लिंबूवर्गीय साली नकोत. ओलावा मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये इतका. उन्हाळ्यात खरी परीक्षा असते. वाफ्यातले तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की गांडुळे तग धरत नाहीत, म्हणून वर ओले बारदान, वरून छप्पर आणि दिवसातून दोनदा पाण्याचा शिडकावा. मुंग्यांसाठी चारही बाजूंनी पाण्याची चर, कोंबड्यांसाठी जाळी. दीड-दोन महिन्यांत वरचा थर चहाच्या पावडरीसारखा दिसू लागतो आणि शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. मग चार-पाच दिवस पाणी बंद करून खताचा ढीग उजेडात करायचा. गांडुळे तळाशी जातात, वरचे खत चाळून घेता येते. मार्चमध्ये पिशव्या भरायच्या असतील तर हे काम डिसेंबरात सुरू झालेले हवे.

विकतचे खत घेताना मूठभर खत पेलाभर पाण्यात ढवळून पाहावे. तळाशी वाळू-मातीचा जाड थर बसला तर पैसे मातीला दिले असे समजावे. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खताची शिसे आणि कॅडमियमसाठी प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे का, हे विचारणे योग्य. या प्रक्रियेत उकिरड्याइतकी उष्णता निर्माण होत नाही, त्यामुळे सगळे रोगजंतू आणि तणाचे बी मरतेच असे नाही. खत हाताळणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, हाताला जखम असेल तर ती झाकावी, धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. कोरड्या खताची धूळ दम्याच्या रुग्णांना त्रास देते. चाळण्याआधी थोडे पाणी शिंपडले की ती बसते. शाळेच्या रोपवाटिकेत मुले आवडीने गांडुळे हातात घेतात. घेऊ द्यावीत, फक्त डबा खाण्याआधी हात धुतले गेले का, हे कोणीतरी पाहावे.

आणि लागवडीच्या दिवशी रोप निवडताना उंची मोजण्याची टेप खिशातच राहू द्यावी. आधी आधाराची काठी सोडून पाहावी, रोप उभे राहते की लवते. मग पिशवीच्या तळाकडे पाहावे. मुळे स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असतील तर ती खड्ड्यातही तशीच गोल फिरत राहतात आणि काही वर्षांनी मोठे झाड वादळात मुळासकट आडवे होते. अशा पिशवीचा तळ एक-दोन सेंटिमीटर कापूनच रोप लावावे. पिशवी फाडल्यावर मातीचा गोळा न फुटता हातात राहिला आणि त्यावर पांढरी, बारीक मुळे जाळ्यासारखी पसरलेली दिसली, तर वाफ्यातल्या कोणीतरी वेळेवर पिशव्या हलवल्या होत्या, एवढे नक्की.